मिठाने वाकवलेल्या नळ्या

विचुंबे, पनवेल
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सामाजी आजोबा,
सा. न.

मी पूर्वी. भगवान घरतांची मुलगी, म्हणजे तुमच्या काशीरामची नात. तुम्ही इस्रायलला गेलात तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण तुमचं नाव आमच्या घरात इतक्यांदा निघतं की नव्याने ओळख करून घ्यायची मला काही गरज वाटत नाही. आजी म्हणाली, "सामाजीला फोन करू नको, इंजिनाला कान लावून लावून त्याला आता काय ऐकू येत नाय." म्हणून कागदावर लिहितेय. तुमच्या मुलीचा, ज्युडिथमावशीचा, नंबर पनवेलच्या सिनेगॉगमधून मिळवला. पत्राचा फोटो तिच्या फोनवर पाठवते, तुम्हीही तसंच करा.

आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हा दोघांचं गॅरेज आता मी चालवते. इंजिनिअरिंग खारघरला केलं, पण खरं शिकले ते आजोबांच्या हाताखाली. शर्यतीची इंजिनं बांधते आणि चांगली बांधते. विनय वगैरे मला जमत नाही.

आता कामाचं. खारघरच्या विश्वजीतच्या तीन गाड्या घाटातल्या स्पर्धेत उतरतात. इंजिन तेच तेराशे सीसीचं, ज्याच्यावर तुम्ही दोघांनी हात काळे केले. पुढच्या हंगामाची तिन्ही इंजिनं कोणी बांधायची हे ठरणार आहे एका इनटेक मॅनिफोल्डवरून. आजीने विचारलं ते काय असतं, तर मी सांगितलं, इंजिनाला हवा पाजायच्या चार नळ्या. विश्वजीतची अट अशी: १८ जानेवारीला एकाच गाडीवर आधी मितेशचा मॅनिफोल्ड बसवायचा, मग माझा. घाट कमी वेळात चढवेल त्याच्याकडे तिन्ही इंजिनं. हा मितेश माझ्याच कॉलेजातला, दोन वर्षं पुढे. मुलीने इंजिन उघडलं की त्याला हसू येतं.

मितेशने पुण्याहून आखूड नळ्यांचा, मोठ्या डब्याचा चकचकीत मॅनिफोल्ड आणलाय. डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, त्याने ११२ अश्वशक्तीचा आकडा काढला. कंपनीच्या मूळ लांब नळ्यांवर मला ९७ मिळतात. याहून आखूड नळ्या करून मी ११५ काढीन म्हणते. तुमचं मत काय?

आणखी एक. माळ्यावर सिमेंटच्या गोणीत गुंडाळलेला तुम्हा दोघांचा जुना मॅनिफोल्ड सापडला, अठ्ठ्याण्णवच्या शर्यतीतला. त्याच्याबरोबर सुतळीने बांधलेली एक स्टीलची वाटी होती, तळाशी पांढरं कडं धरलेली. आजोबांचं काय एकेक.

तुमची,
पूर्वी


अश्दोद
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ज्युडिथने छापून आणलं. अक्षर अगदी काशीरामच्या हातोड्यासारखं आहे, पण मजकूर कळला. शब्बाथ लागायला दोन तास आहेत, तेवढ्यात उत्तर लिहितो. आम्ही शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले यहुदी. शुक्रवारचा दिवस मावळला की मी पान्याला हात लावत नाही आणि पेनालाही नाही.

काशीराम गेल्याचं कळलं होतं. त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता तुझ्या ११५ बद्दल. मुली, तुला शर्यत डायनोवर करायची आहे की घाटात? ११२ हा आकडा इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर आला ते तू लिहिलं नाहीस. मी इथे बसून सांगतो, सात हजारांच्या वर. आता त्या विश्वजीतच्या शेजारी बस आणि बघ, घाट चढताना त्याचं इंजिन सात हजारांवर किती वेळ असतं. वळणाच्या तोंडाशी गाडी हळू होते, मग तिला ओढून बाहेर काढायचं असतं. तिथे आखूड नळ्या तोंड उघडून नुसत्या बसतात. नळी लांब असली की हवेला वेग येतो आणि खालच्या फेऱ्यांवर सिलेंडर पोटभर भरतं. फार लांब केलीस तर वर गुदमरतं. किती लांब, हे आकड्याला नाही, घाटाला विचारायचं.

जुना मॅनिफोल्ड भंगारात दे. त्याच्यात शिकण्यासारखं काही नाही.

आणि नवीन नळ्या वाकवशील तर आत बारीक वाळू ठासून वाकव, म्हणजे चेपणार नाहीत. तुमच्या घरातला जुना मिठाचा नाद अजिबात करू नकोस.

माझ्या बायकोचा, हेप्झिबाचा, तुझ्या आजीला, कमळाबाईला, शालोम सांग.

तुझा,
सामाजी रोहेकर


विचुंबे
३० नोव्हेंबर २०२५

सामाजी आजोबा, सा. न.

तुमचंच बरोबर निघालं. हे वाक्य मी आयुष्यात तिसऱ्यांदा लिहितेय, जपून ठेवा.

विश्वजीतबरोबर घाट पाच वेळा चढले. पावणेचार किलोमीटर, अकरा वळणं. इंजिनाचा सगळा हिशोब लॅपटॉपवर घेतला. गाडी जास्तीत जास्त वेळ साडेतीन ते पावणेसहा हजारांत असते. सात हजारांवर सगळी मिळून नऊ सेकंद! म्हणजे मितेशचा ११२चा आकडा नऊ सेकंदांचा राजा आहे. हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याला त्याचा आकडा मिरवू दे.

मग मी तुमचा जुना मॅनिफोल्ड मोजला. भंगारात देण्याआधी मोजायला काय हरकत आहे? नळ्या चौतीस सेंटीमीटर. कंपनीच्या चव्वेचाळीस, मितेशच्या अठरा. मी घाटाच्या आकड्यांवरून लांबी काढली होती, ती आली साडेतेहतीस. तुम्ही अठ्ठ्याण्णव साली लॅपटॉप नसताना ही लांबी कुठून काढलीत? आणि वर म्हणता, शिकण्यासारखं काही नाही!

आता मी जरा चिडून लिहिते. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलंय की त्या शर्यतीत तुमचं वेल्डिंग कच्चं निघालं, जोडातून हवा शिरली आणि अर्ध्या घाटात इंजिनाचं तिसरं सिलेंडर बसलं. आजोबा सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले आणि तीन महिन्यांत तुम्ही देश सोडलात. म्हणून मी एकेक जोड भेगेत झिरपणारी शाई सोडून तपासला. एकही भेगाळलेला नाही. इतकं सुरेख वेल्डिंग मला आजही जमत नाही. मग तुम्ही गप्प का बसलात?

आणि मिठावर राग का? आजी सांगते, मीठ भरून नळ्या वाकवायची युक्ती आजोबांची. वाळूचा एक कण आत राहिला तर इंजिन खरवडून निघतं. मीठ पाण्यात विरघळून जातं. मला तरी हे पटतं. आमच्या तीन पिढ्या उरणच्या मिठागरांवर गेल्या, मिठातलं आम्हाला कळतं.

तुमची,
पूर्वी


अश्दोद
५ डिसेंबर २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

लांबी कुठून काढली विचारतेस. मॅनिफोल्डच्या नळ्या रबराच्या पाइपने वाढवायच्या, घाट चढायचा, खाली येऊन अर्धं बोट पाइप कापायचा, पुन्हा चढायचं. काशीराम गाडी चालवायचा, मी शेजारी बसून ऐकायचो. एकतीस वेळा चढलो. तुझ्या लॅपटॉपपेक्षा आमचं अर्धा सेंटीमीटर चुकलं, तेवढं माफ कर. घाटात मधल्या नाक्यावर एक बाई कलिंगडं विकायची, तिला वाटायचं आम्ही पोलिसांना चुकवतोय.

वेल्डिंगचं म्हणशील तर जोड कच्चा होता. तुला शाईत दिसला नाही म्हणून नव्हता असं नाही. झालं ते झालं, त्यात आता डोकं घालू नकोस. मी देश सोडला तो ज्युडिथच्या शिक्षणासाठी आणि हेप्झिबाची सगळी भावंडं इकडे होती म्हणून. काशीरामच्या एका वाक्यावर घर सोडण्याइतका मी हळवा नव्हतो.

नळ्या तापवताना साबण लावून घे. ज्योतीने साबण काळा पडला की थांब, अॅल्युमिनियम तेवढ्यावर मऊ होतं. वाकवताना घाई करू नकोस. आत वाळू. वाळूचा कण राहील अशी भीती असेल तर दहा वेळा हवेने झाड, पण वाळूच.

हेप्झिबाने तुझ्या शर्यतीसाठी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलला आहे. मी तिला म्हटलं, पोरीला मलिद्याची गरज नाही, तिला जरा ऐकून घ्यायची गरज आहे.

तुझा,
सामाजी


विचुंबे
२६ डिसेंबर २०२५

सामाजी आजोबा, सा. न.

झाला! चार नळ्या, साडेतेहतीस सेंटीमीटर, एकीलाही चेप नाही. डायनोवर १०५. मितेशने तो आकडा ऐकला आणि मला चहा पाजला, बिचारीचं सांत्वन म्हणून. मी दोन बिस्किटंही खाल्ली. त्याला माहीत नाही की चार हजारांवर मी त्याच्या कितीतरी पुढे आहे.

रागावू नका, पण नळ्या मीठ भरूनच वाकवल्या. आजी स्वतः बसली होती. मीठ तव्यावर भाजून कोरडं केलं, नळीत ठासलं, दोन्ही टोकांना लाकडाची बुचं. साबणाची युक्ती मात्र तुमची, तीही कामाला आली. नंतर गॅरेजमागच्या विहिरीच्या पाण्याने तीन वेळा धुतलं. तिसऱ्या वेळचं पाणी आजीने जिभेवर घेतलं आणि म्हणाली, "गोड हाय. आता एक कण नाय." आजोबासुद्धा असंच चाखून ठरवायचे म्हणे. मीही चाखलं, गोडच होतं.

आता मॅनिफोल्ड गाडीवर चढवून ठेवलाय. अठरा तारखेपर्यंत हात लावणार नाही. तिन्ही इंजिनं माझीच आहेत असं समजा. विश्वजीतने विचारलं, एवढी खात्री कशी? मी म्हटलं, दोन म्हाताऱ्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी हा घाट एकतीस वेळा चढून ठेवलाय.

हेप्झिबा आजींना नमस्कार.

तुमची,
पूर्वी


अश्दोद
२७ डिसेंबर २०२५, शनिवार

पूर्वी,

आज शब्बाथ आहे आणि मी लिहितो आहे. हेप्झिबा दारात उभी राहून बघते आहे. तिला म्हटलं, देवाशी मी नंतर बोलेन.

मॅनिफोल्ड आत्ताच्या आत्ता उतरव. गाडी चालू करू नकोस.

ती विहीर गोड नाही. खाडीची भरती जमिनीखालून तिच्यात येते, पाणी मचूळ आहे. तुम्हाला ते कळत नाही, कारण तुम्ही जन्मापासून तेच पिता. मिठागरावरच्या माणसाच्या जिभेला थोडं खारट हे गोडच लागतं. काशीरामने अठ्ठ्याण्णव साली हेच केलं. तीन वेळा धुतलं, चाखलं, "गोड हाय" म्हणाला. मीठ आत राहिलंच होतं. अॅल्युमिनियमला मिठाने पांढरा पापुद्रा धरतो. शर्यतीत तो सुटून तिसऱ्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हखाली अडकला, व्हॉल्व्ह नीट बसेना. माझा जोड पक्का होता.

मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं. इंजिन एकट्याने उघडलं, पापुद्रा पाहिला, विहिरीचं पाणी उकळून आटवलं आणि तळाला मीठ बघितलं. काशीरामला सांगितलं नाही. ज्याने मिठागरात उभं राहून पायांची सालं काढून घेतली, त्याला तुला मीठ कळत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लोक माझ्या वेल्डिंगला नावं ठेवत होते, ठेवू दिली.

पण हे सगळं मोठेपणाचं झालं. खरं सांगतो. बारा वर्षं मी तुमच्या घरी त्या विहिरीच्या पाण्याचा चहा प्यायलो. मी पनवेल गावातला, नळाच्या पाण्यावर वाढलेला. मला तो चहा रोज खारट लागायचा. एकदाही बोललो नाही. काशीराम स्वतःच्या हाताने करून द्यायचा, त्याला नाव कसं ठेवायचं? पहिल्याच दिवशी बोललो असतो तर त्याने त्या पाण्याने नळ्या धुतल्या नसत्या. चूक माझी. आणि तुला नुसतं वाळू वाळू करत बसलो, कारण सांगितलं नाही, म्हणजे तीच चूक मी पुन्हा केली. मला माझी लाज वाटते.

आता नीट वाच. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आण. त्याने धू. धुतलेलं पाणी स्टीलच्या भांड्यात पूर्ण आटव. तळाला पांढरं कडं दिसलं की पुन्हा धू. कडं दिसेनासं होईपर्यंत थांबू नकोस. जिभेवर विश्वास ठेवू नकोस, कमळाबाईच्या तर मुळीच नाही.

सामाजी


विचुंबे
२० जानेवारी २०२६

सामाजी आजोबा, सा. न.

तीन आठवडे तुम्हाला ताटकळत ठेवलं त्याबद्दल माफी. ज्युडिथमावशीला फक्त "उतरवला" एवढं कळवलं होतं. बाकीचं निकालासकट लिहायचं ठरवलं होतं.

तिन्ही इंजिनं माझी!

मितेशचा मॅनिफोल्ड: तीन मिनिटं एकवीस सेकंद. माझा, म्हणजे आपला: तीन मिनिटं सोळा. सातव्या वळणातून गाडी अशी सुटली की विश्वजीत खाली येऊन आधी हसायलाच लागला. मितेशने माझ्या नळ्यांवरून हात फिरवला, लांबी विचारली. मी सांगितली. लांबी घाटाची आहे, मी कशाला लपवू? त्याला आता माझं हसू येत नाही.

आता मागचं सांगते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मॅनिफोल्ड उतरवला. तिसऱ्या नळीच्या वळणात पांढुरकं धरायला लागलंच होतं, तिथलं घासून साफ केलं. शुद्ध पाण्याने चारी नळ्या धुतल्या, ते पाणी स्वयंपाकघरातल्या वाटीत आटवलं. तळाला पांढरं कडं. दुसऱ्या वेळी फिकं, तिसऱ्या वेळी जेमतेम, चौथ्या वेळी वाटी स्वच्छ.

पहिल्या वेळची वाटी बाजूला ठेवायला गेले आणि फळीवर ती दुसरी दिसली. जुन्या मॅनिफोल्डबरोबर बांधलेली. आठवतं, पहिल्याच पत्रात लिहिलं होतं? तेच कडं, तसंच. मी दोन्ही वाट्या घेऊन आजीसमोर जाऊन बसले आणि तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. चहाचा भाग आला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली, मग रडली.

ती म्हणाली, "त्याला कललेला होता गो. सामाजी गेल्यावर दोन वर्सांनी. कोनी पावना आला, पानी थुकला, खारा हाय बोलला. तवा तुज्या आज्याने पानी वाटीत आटवला. दिवसभर वाटीकडे बघत बसला. भगवानला पत्र लिवायला चार येला बसवला नि चारी येला उठवला. वाटी कोनाला घासू दिली नाय. बोलायचा, सामाजी आला की दाखवायची हाय."

बाबांना विचारलं. ते म्हणाले, हो, चार वेळा कागद घेतला होता. दर वेळी "प्रिय सामाजी" लिहून झालं की आजोबा म्हणायचे, र्‍हाऊ दे. का, ते कधी बोलले नाहीत.

म्हणजे तुम्ही त्यांना कळू नये म्हणून गप्प, आणि ते तुम्हाला कसं सांगू म्हणून गप्प. आजोबा, माझं तुम्हा दोघांवर फार प्रेम आहे, पण तुम्ही दोघेही कमाल माणसं आहात.

जुना मॅनिफोल्ड मी भंगारात देणार नाही. वाटी फळीवर आहे. घासलेली नाही.

तुमची,
पूर्वी


अश्दोद
२३ जानेवारी २०२६, शुक्रवार

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

सोळा सेकंद वाचून मी ओरडलो, शेजारचे बाहेर आले. तुझा अभिमान वाटतो. हेप्झिबाने मलिदा केला, सगळ्या मजल्याला वाटला.

पुढचं पान ज्युडिथने मला दोनदा वाचून दाखवलं, कारण डोळे भरल्याने मला दिसेना. काशीरामला माहीत होतं. त्याला माहीत होतं आणि तो माझी वाट बघत होता, आणि मी इथे बसून त्याला सांभाळतोय असं समजत होतो. सत्तावीस वर्षांत एक तिकीट काढायला मला काय झालं होतं, देव जाणे.

ते काल काढलं. चौदा फेब्रुवारीला पोचतो. शनिवारी प्रवास नको म्हणून हेप्झिबा भांडली, मग स्वतःचंही काढायला लावलं. त्याने वाटी दाखवायची म्हणून ठेवली होती, तर बघायला जाणं भाग आहे.

कमळाबाईला सांग, पहिला चहा विहिरीच्याच पाण्याचा करायचा, काशीराम करायचा तसा. खारट लागला तर या वेळी सांगेन.

तुझा,
सामाजी आजोबा